मागच्या मोरीचं गरम पाणी

तुळजाबाई सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमचं फाटक उघडते आणि तोंडातून पहिला शब्द काढते तो, "पानी आलं का?" बाळ कसं आहे नाही, बाळंतीण झोपली का नाही. जणू मी या बंगल्याची मालकीण नसून टँकरवाली आहे.

"येतंय," मी म्हणते.

"म्हंजी आलं न्हाय."

आणि ही बाई आम्ही शोधून, चार ठिकाणी चौकशी करून आणलेली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यात वारज्यापासून कोथरूडपर्यंत तिचा हात धरणारं कुणी नाही. हाताला गुण आहे. जिभेला नाही.

दीपमाला माझी धाकटी. तिचं पहिलं बाळंतपण, दोन हजार सातच्या डिसेंबरातलं. पहिलं म्हणजे माहेरी, त्यात बोलायला जागा नाही. मुलगी झाली, नाकीडोळी छान, रंगानं आमच्यावर. मागची खोली मी दोघींना दिली. तळमजल्यावर, कोपऱ्यात, वारा नाही, आल्यागेल्याची वर्दळ नाही, खोलीला लागूनच मोरी. बाळंतिणीला याहून बरी खोली कर्वेनगरात कुणी दाखवावी. एकच खोट. गरम पाण्याची टाकी गच्चीवर, स्वयंपाकघराच्या डोक्यावर. योगेशनं, म्हणजे माझ्या थोरल्यानं, तिथं सोलर बसवलंय. ते पाणी खाली उतरतं, स्वयंपाकघर ओलांडतं, सगळ्या बोळाच्या फरशीखालून जातं आणि मग मागच्या मोरीत पोचतं. सत्तर फूट. तोवर नळातून दीड बादली गार पाणी जातं आणि सात मिनिटं जातात.

एरवी कुणाला जाच नव्हता. ती पाहुण्यांची खोली. पाहुणे गार पाण्याला शिव्या देत नाहीत, आणि दिल्या तरी आपल्या घरी जाऊन देतात. पण बाळंतिणीचं तसं नाही. तुळजाबाई पाटावर पाय पसरून बसणार, पायांवर बाळ घेणार, तेल लावून अर्धा तास चोळणार, आणि चोळून झालं की त्याच मिनिटाला अंगावर ऊन पाणी पडायला हवं. तेल लावलेलं उघडं पोर डिसेंबरात सात मिनिटं थांबत नाही. नळ आधीच सोडून ठेवावा, तर चोळणं होईस्तोवर पाइपातलं पाणी पुन्हा गार. चोळता चोळता सोडावा, तर त्याच मोरीत गार पाणी उघड्या पोरावर उडतं. स्वयंपाकघरातून पातेली वाहावीत, तर माझे गुडघे. तीही वाहिली मी पाच दिवस. सहाव्या दिवशी बोळात पातेलं कलंडलं आणि पायावर लिंबाएवढा फोड आला. तेव्हापासून योगेशनं पातेल्याला हात लावू दिला नाही.

"आजी, माझी अजून चार घरं हायती," तुळजाबाई म्हणाली. तिनं मला आजी म्हटलेलं मला मुळीच आवडत नाही, पण आता नात झाल्यावर बोलणार काय. "कोथरूडला जुळी हायती. तुमच्या नळापायी ती जुळी रोज रडत्यात. पुढल्या सोमवारपासनं दुसरी बघा."

हे ती बोलली नेमकी विहीणबाईंसमोर.

आमच्या विहीणबाई, श्यामलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. वारज्याला नव्या सोसायटीत दहाव्या मजल्यावर राहतात. त्या दिवशी नातीला बघायला आल्या होत्या. बोलतात हळू, पण खडूच्या टोकानं फळ्यावर ओढावं तसं.

"अहो विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नळ सोडला की चटका बसतो. चोवीस तास."

"चटके घ्यायला माझी लेक सव्वा महिन्यानं तिकडेच यायची आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. "बोलणं ऊन आहे तुमचं. पाणी तेवढं गार." मग पर्स उचलली. "शनिवारी संध्याकाळी पाचला आमचा तेजस गाडी घेऊन येईल, मीही येईन. पाणी आलेलं असेल तर आम्ही चहा घेऊन जाऊ. नसेल तर दीपमालेला आणि बाळाला घेऊन जाऊ. आपण समजूतदार आहात."

मी समजूतदार नाही. मला कुणी आजवर तसं म्हटलेलं नाही आणि त्या दिवशीही मी ते मनावर घेतलं नाही. पण दीपमाला पलंगावरून म्हणाली, "आई, गेले तर काय बिघडलं? काल डोक्यावरून गार पाणी आलं. अजून कणकण आहे मला. बाळाला सर्दी झाली तर?"

काय बिघडलं! लग्न झाल्यापासून ही पोरगी आली की पाहुण्यासारखी दोन दिवस येते, त्यातला एक दिवस फोनवर असते. या सव्वा महिन्यात तिचं डोकं माझ्या हातात आहे, तिचं ताट मी वाढतेय. हे पुन्हा मिळणार नाही. आणि आमच्याकडून आजवर एकही बाळंतीण बाराव्या दिवशी उठून सासरी गेलेली नाही. माझ्या जावा टपूनच बसल्यात. सगळी गल्ली विचारील, का हो, एवढा बंगला, आणि लेकीला न्हायला पाणी नव्हतं?

योगेश हिंजवडीला कंपनीत आहे. तिकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी बँकेचं बिघडलेलं इथं बसून दुरुस्त करतो म्हणे. त्यानं आधी मोबाइल घेऊन मोरीत उभं राहून वेळ मोजली.

"आई, सहा मिनिटं चाळीस सेकंद."

"मला ते अंगाला कळतं."

"तसं नाही, डेटा लागतो." मग कॉम्प्युटरवर तक्ता केला. सकाळी किती, दुपारी किती, संध्याकाळी किती. तक्ता सुरेख होता, रंगीत. पाणी होतं तसंच.

मी म्हटलं, इलेक्ट्रिकचा गीझर लाव. म्हणाला, सकाळी न्हायच्या वेळेलाच लाईट जाते. मग तोच म्हणाला, गॅसचा लावू. मी म्हटलं, खबरदार. वाऱ्यापायी त्या खोलीच्या खिडकीच्या फटी मी चिंध्यांनी बुजवल्यात, तिथं गॅस पेटवून माझी नात गुदमरून मारायची आहे का? मग त्यानं बुधवारी एक पंप आणला. छोटासा, निळा. बटण दाबलं की पाइपातलं गार पाणी परत टाकीत ढकलायचं आणि गरम पुढं आणायचं. संध्याकाळी लावून दाखवला, अर्ध्या मिनिटात ऊन पाणी. मी त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तुळजाबाईला सांगून टाकलं, उद्या ये आणि बघ.

उद्या होता गुरुवार. तुळजाबाई आली, बाळाला तेल लावलं, मी ऐटीत बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. लाईट गेलेली.

"ह्ये पन लाइटीवरच चालतंय व्हय?" तुळजाबाई म्हणाली. "मंग गीझरनं काय घोडं मारलं हुतं?"

योगेशकडे बघितलं तर तो खिशात हात घालून भिंतीकडे बघत होता. एवढं शिकून ही अक्कल.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली आणि नवा प्लंबर आणला. पोरगा तरणा, कानात बारीक बाळी, हातात टॉर्च. त्यानं स्वयंपाकघरातला पाइप जिथं भिंतीत शिरतो तिथं पोपडा काढला आणि शीळ घातली.

"काकू, एक इंची! हा पाइप आहे का कालवा?"

"का? मोठा आहे ना चांगला?"

"तोच तर घोळ आहे. जेवढा जाड पाइप तेवढं गार पाणी त्याच्या पोटात. ते सगळं बाहेर पडल्याशिवाय गरम येणार कुठून? शिवाय लोखंडी, तो स्वतःच निम्मी ऊब खातो. अर्धा इंची असता तर एवढ्यात आलं असतं पाणी. कुणी घातला हा?"

योगेश माझ्याकडे बघायला लागला. दीपमाला दारात आली.

"होता एक दत्तोबा म्हणून," मी म्हटलं.

"काय मूर्ख माणूस असेल," योगेश म्हणाला.

मी ताकाचं भांडं उचललं आणि आत नेलं.

आता खरं सांगायला पाहिजे. चौऱ्याण्णव साली बंगला बांधला तेव्हा दत्तोबा, आमचा प्लंबर, अर्धा इंची पाइप घेऊन आला होता. म्हणाला, "वहिनी, गरम पाण्याला एवढा बास हाय." तो करंगळीएवढा पाइप बघून माझं डोकं फिरलं. माझ्या माहेरी उसाला चार इंची लाइन होती, मोटर सुरू केली की पाटाला पाणी कसं धाडधाड यायचं. मार्केट यार्डात आमच्या ह्यांची गुळाची आडत, चार माणसांत नाव, आणि घरात अर्धा इंच? मी म्हटलं, दत्तोबा, आमच्या घरात अर्धं काही चालत नाही, एक इंची घाल. तो दोन वेळा नको म्हणाला. तिसऱ्या वेळी मी बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं घातला.

पुढं मागच्या मोरीत पाणी उशिरा यायला लागलं तेव्हा मी गल्लीत सांगितलं की दत्तोबानं काम बिघडवलं. तीन घरांत सांगितलं; काय बिघडवलं ते मात्र नाही. त्यानंतर दत्तोबा या गल्लीत दिसला नाही. मला वाटलं, लाजला.

नवा प्लंबर म्हणाला, पाइप बदलून देतो, पण जुना कुठून कुठं गेलाय कळत नाही. बोळाची सगळी फरशी फोडावी लागेल, मागच्या खोलीची निम्मी आणि मोरीच्या फरश्या. पाच दिवस धूळ. नाही तर वरून नवा पाइप आणू, पण मोरीच्या भिंतीत जोड कुठं आहे ते शोधायला भिंत सोलावी लागेलच. "ज्यानं घातलाय तो असता तर एक फरशी काढून भागलं असतं."

पाच दिवस धुळीत बारा दिवसांचं बाळ. म्हणजे वारजे. विहीणबाईंना गाडीसुद्धा हाकायला नको, आम्हीच नेऊन सोडायचं.

"मग त्या दत्तोबाला बोलवू," योगेश म्हणाला.

"तो गेला," मी म्हटलं.

"कुठं?"

"वर."

आमचे हे कोपऱ्यात खुर्चीत पेपर वाचत बसले होते. दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन चहाची. पेपर खाली न करता म्हणाले, "दत्तोबा परवा यार्डात भेटला होता. ढेप घेऊन गेला. वारज्याला असतो, गावठाणात."

चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाशी.

शनिवारी सकाळी योगेश दत्तोबाला गाडीतून घेऊन आला. केस पांढरे झालेले, बाकी तस्साच, काडीसारखा. आत आला, मला नमस्कार केला नाही, सरळ मोरीत गेला. बोटाच्या पेरानं भिंत वाजवत वाजवत एका फरशीवर थांबला. "हितं." फरशी काढली, जोड हाताला लागला. योगेशनं त्याला काय काय विचारलं, असा जाड पाइप का घातलात म्हणून तोंडावर बोलला. दत्तोबानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "साहेब, कामाचं बघू."

गच्ची तिरपी कापून सरळ मागच्या भिंतीनं खाली, अर्धा इंची, चाळीस फूट. बोळ नाही, फरशी नाही. वरून काळा जाड फोम गुंडाळला. भिंतीत गाडायला वेळ नाही, तेव्हा उघडाच. ज्या बंगल्यात एक वायर मी उघडी राहू दिली नाही, त्याच्या पाठीवर काळी नळी. घर दवाखान्यात दाखल केल्यासारखं दिसायला लागलं.

साडेचारला सगळं झालं. एक जोड राहिला, मोरीतला. दत्तोबानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मागच्या पायरीवर बसला.

"काय झालं?" मी म्हटलं.

"ऱ्हायलंय थोडं."

"मग कर की. पाचला माणसं येतायत."

"वहिनी, तुमी तीन घरांत सांगितलं. या गल्लीतली माझी सात कामं गेली. तुमच्या योगेशनं सकाळी मला तोंडावर इचारलं, मी बोललो न्हाय. तुमच्या घरची इज्जत तुमी राखायची, माझी मी राखतो. त्या तीन घरात जाऊन खरं सांगून या. मी हितंच बसतो. तवर च्या झाला तर चालंल."

"आणि नाही गेले तर?"

"तर ह्यो जोड तुमच्या नव्या पोराकडनं करून घ्या. सोमवारी यील तो."

सोमवारी! तेवढ्यात फाटक वाजलं. पाचाला दहा मिनिटं कमी, आणि विहीणबाई दारात. मास्तरीण ती, वेळेच्या आधीच येणार. मागं तेजस, हातात बाळाला गुंडाळायची गोधडी. म्हणजे धरूनच आलेले.

त्या मागच्या दारापर्यंत आल्या, पाइप बघितला, पायरीवर बसलेला दत्तोबा बघितला. "काम थांबलंय का?"

"वहिनींना इचारा," दत्तोबा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. योगेश, तेजस, विहीणबाई. दीपमाला खिडकीतून, डोक्याला स्कार्फ बांधलेली, खांद्यावर बाळ. तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, ही गेली तर पुढच्या वेळी दोन दिवसांसाठीच येणार, त्यातला एक दिवस फोनवर.

"जाड पाइप मी घालायला लावला," मी म्हटलं. "हा नको म्हणत होता. मी ऐकलं नाही, आणि वर गल्लीत त्याचंच नाव सांगितलं. झालं? आता मला तीन घरी जायचंय. तुम्ही बसा."

"वाटलंच मला," विहीणबाई म्हणाल्या.

"वाटणारच. तुम्हाला सगळंच आधी वाटतं."

चप्पल घातली आणि निघाले. फोडाला पट्टा लागत होता, तरी तरातरा चालले. पहिलं घर बँकेतल्या बाईंचं. मी दारातच सांगितलं, दत्तोबाची चूक नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, "कोण दत्तोबा?" मी सांगितलं, प्लंबर. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे गॅस गीझर आहे." माणसानं नाक मुठीत धरून यावं आणि समोरच्यानं असं विचारावं, यासारखा अपमान नाही. दुसऱ्या घराला कुलूप. तिसरं घर गोदाबाईंचं, म्हणजे गल्लीत माझ्या बरोबरीनं बोलणारं एकच माणूस.

गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारला.

"अहो, आम्ही तुमच्या घरचं बघून एक इंची घातला! दत्तोबाला नको म्हटलं, दुसरा माणूस आणला, आणि त्याला सांगितलं, कौशल्याबाईंकडे आहे तस्सा. तेरा वर्षं रोज सकाळी मी हातात तांब्या घेऊन कुडकुडत उभी असते. यांना वाटतं माझा जप चालू आहे!"

"मग मला विचारायचं ना, पाणी येतं का म्हणून."

"तुम्हाला? तुम्ही कधी म्हणाला असतात, येत नाही?"

गोदाबाई पदर खोचून माझ्याबरोबरच निघाल्या. मागच्या दारी आल्या आणि दत्तोबाला म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे या. आणि अर्धा इंची घेऊनच या, मी काय म्हणाले तरी."

"एका घराला कुलूप आहे," मी दत्तोबाला सांगितलं. "खोटं वाटत असेल तर बघून ये."

"उघडलं की सांगा," तो म्हणाला. मग उठला, मोरीत गेला आणि जोड आवळला.

विहीणबाईंनी स्वतः नळ सोडला. हात खाली धरला. बांगड्या वर सारल्या. मनात आकडे मोजत असणार, ओठ हलत होते. वीसपर्यंत गेल्या असतील नसतील, हात झटकन मागं घेतला.

"तेजस," त्या म्हणाल्या, "गोधडी ठेव खाली. चहा घेऊ."

दीपमालेनं बाळ माझ्याकडे दिलं आणि ती आत जाऊन पलंगावर आडवी झाली. मला म्हणाली, "आई, उद्या डोक्यावरून घेईन हं." एवढंच. पण पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं तिनं, लहानपणी घ्यायची तसं.

चहा पिताना विहीणबाई पाच वेळा म्हणाल्या की बाहेरचा पाइप दिसायला बरा दिसत नाही. मी ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, "मग तिला कधी न्यायचं?"

"सव्वा महिन्यानं," मी म्हटलं. "तिथी मी कळवीन."